नावापुढचं ‘पीबी’

आजींनी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला आणि डोळे मिटून घेतले. शाळेत टोचायला सिस्टर आली की पहिलीतली पोरं मिटतात, तसेच.

“आजी, इथं अंगठा नाही,” पथकातले सर म्हणाले. “पेन घ्या. ज्याला द्यायचं त्याच्या नावापुढे फुली मारा.”

आजींनी एक डोळा उघडला. “काहून? आताच तं घेतला ना तुमी त्या कागदावर?”

घेतला होता, हे खरंच. एप्रिल २०२४ मधली सकाळ. गाव घाटंजी तालुक्यातलं, साडेनऊलाच पत्रा तडतडायला लागलेला. ओसरीत आमची वरात बसलेली: दोन मतदान अधिकारी, एक सूक्ष्म निरीक्षक, एक पोलीस, कॅमेरा घेतलेलं एक पोरगं आणि घर दाखवायला आलेली मी, गावची शिक्षिका आणि बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. कणगीला टेकवून पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला होता. लोकसभेला पहिल्यांदाच देशभर असं घरी जाऊन मतदान घेणं चाललं होतं. वय ८५ च्या वर असलेले, नाहीतर ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले मतदार. कागदोपत्री याला गृह मतदान म्हणतात. गावात मात्र एकच नाव पडलं, ‘घरपोच मत’. गॅस सिलिंडरसारखं.

आजींनी अंगठा दिला होता तो नमुना १३ अ वर. मी अमुक यादीतली अमुक मतदार, हे मत माझंच, असं प्रतिज्ञापत्र असतं ते. त्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक लिहितात, अधिकारी साक्षांकन करतो. मतपत्रिका वेगळी. ती १३ ब नावाच्या लहान लिफाफ्यात जाते. मग तो बंद लिफाफा आणि सुटं प्रतिज्ञापत्र, दोन्ही १३ क या मोठ्या लिफाफ्यात. मतपत्रिकेवर सही, नाव, अंगठा यातलं काहीही उमटलं, मतदार ओळखू येईल अशी खूण दिसली, की मोजणीच्या टेबलावर ते मत बाद.

हे आजींना सांगायचं कसं? पन्नास-साठ वर्षं त्यांना प्रत्येक कागदानं अंगठाच मागितला होता. रेशनला अंगठा, बँकेत निराधारच्या पगाराला अंगठा, सोसायटीच्या कर्जाला अंगठा. अंगठा लागला नाही की मशीन म्हणायचं, तुम्ही तुम्ही नाही. आणि आज हे सरकारी लोक घरी येऊन म्हणतात, या कागदावर तुम्ही कोण ते अजिबात कळू देऊ नका.

मी मध्ये पडले. तसं बीएलओनं बोलायचं नसतं, पण पथकातल्या सरांना वऱ्हाडी जमत नव्हती. “आजी, तो कागद सांगते तुमी कोण. हा कागद सांगते तुमाले कोण पायजे. दोघाइची भेट नाही होऊ द्यायची. मंग कोणाले समजन नाही तुमी कोणाले देल्लं.”

आजींचा चेहरा उजळला. त्यांनी सुनेकडं पाहिलं. सून सोबती म्हणून मदतीला येणार असं आधी ठरलं होतं. “तू हो बाहीर,” आजी म्हणाल्या. “मले दिसते अजून.”

सून बाहेर गेली. आडोशामागं आजींची बोटं पेनाभोवती कशीबशी वळली असावीत. आम्ही सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत बसलो. पाचेक मिनिटं लागली. मग आवाज आला, “गोंदल्यावानी काढली. चालन का?”

कोणी काय उत्तर देणार! सरांनी कागदाची घडी घालायला सांगितलं, आजींनी घातली, लिफाफा चिकटवला. डिंक लागावा म्हणून त्यावर तळहात दाबून ठेवला, भाकरी थापल्यावर ठेवतात तसा.

त्या दोन लिफाफ्यांची गोष्ट मला आजींपेक्षा चांगली माहीत होती, कारण माझं स्वतःचं एक मत त्यांच्यातच मेलेलं आहे.

२००९ ची लोकसभा. आमच्या जिल्ह्याचा घोळ बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. जिल्हा एक, विधानसभेचे मतदारसंघ सात, आणि लोकसभेला त्या सातांची वाटणी तीन ठिकाणी. वणी आणि आर्णी चंद्रपुरात, उमरखेड हिंगोलीत, उरलेले यवतमाळ, राळेगाव, दिग्रस, पुसद हे यवतमाळ-वाशीममध्ये. २००८ च्या पुनर्रचनेनंतरची ही पहिलीच निवडणूक. मी नोकरीला घाटंजी तालुक्यात, म्हणजे आर्णी विधानसभा, म्हणजे चंद्रपूर. मतदार यादीत नाव सासरी पुसदला, म्हणजे यवतमाळ-वाशीम. मतदान सगळीकडं एकाच दिवशी, १६ एप्रिलला. ज्या लोकसभा मतदारसंघात ड्युटी त्याच मतदारसंघात नाव असेल, तर नमुना १२ अ भरून ईडीसी, म्हणजे निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळतं आणि ज्या बूथवर ड्युटी तिथंच मशीनवर बटण दाबता येतं. माझं तसं नव्हतं. मला नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका मागवणं भाग होतं.

दुसऱ्या ट्रेनिंगला पाकीट हातात आलं. हॉलमध्ये दोनशे-अडीचशे जण, पंखे तीन, माईकवर मशीन जोडणं आणि सील करणं चाललेलं. पाकिटातला सूचनांचा कागद मी वाचला नाही. मुलांना दरवर्षी सांगते, आधी प्रश्न नीट वाचा. स्वतः मात्र खूण केली, साक्षांकनाची सही घेतली, आणि प्रतिज्ञापत्र मतपत्रिकेसोबतच लहान लिफाफ्यात घालून तो घट्ट चिकटवला. वाटलं, दोन्ही कागद एकत्र राहिलेले बरे, हरवायला नकोत. मोठा लिफाफा पेटीत टाकला आणि मत दिल्याच्या समाधानात १५ तारखेला साहित्य घेऊन बसमध्ये चढले.

त्या मताचं काय झालं हे मला पाच वर्षांनी कळलं. २०१४ च्या विधानसभेच्या मोजणीला मला टपालाच्या टेबलावर बसवलं. १९ ऑक्टोबर, दिवाळीच्या तोंडावर. सकाळी आठला मोजणी सुरू होते ती टपाली मतांपासून. आठच्या ठोक्यापर्यंत आलेला लिफाफा हिशेबात धरतात, त्यानंतरचा न उघडताच बाजूला. मशीनची मोजणी अर्ध्या तासानं लागते. टीव्हीवर सकाळी सकाळी जे ‘पहिले कल’ दाखवतात, त्यात आम्हा कर्मचाऱ्यांचाच भरणा असतो, हे पाहणाऱ्यांच्या फारसं ध्यानात येत नाही.

मोठा लिफाफा फोडायचा. आत प्रतिज्ञापत्र आहे का? सही आहे का? साक्षांकन आहे का? त्यावरचा क्रमांक आणि लहान लिफाफ्यावरचा क्रमांक जुळतो का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तरच लहान लिफाफा पुढच्या गठ्ठ्यात जातो आणि ते गठ्ठे नंतर उघडतात. तिसरा की चौथा लिफाफा असेल. पर्यवेक्षकांनी फोडला, आत फक्त लहान लिफाफा. त्यांनी मोठा लिफाफा उलटा करून झटकला. पुन्हा झटकला. एका उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणाला, “आतमधी असन ना साहेब, लहान्यात.” असेलही. पण प्रतिज्ञापत्र बाहेर सापडलं नाही तर लहान लिफाफा उघडायचाच नाही, असा नियम. वर लाल पेनानं ‘नामंजूर’ लिहिलं आणि तो टोपलीत टाकला.

माझी कानशिलं गरम झाली. तो लिफाफा माझा नव्हता, पण माझा असाच असणार होता. पाच वर्षं मी ताठ मानेनं सांगत होते की ड्युटीवर असूनही मी मत चुकवलं नाही.

त्या सकाळी बाद लिफाफ्यांची टोपली कर्मचाऱ्यांच्याच मतांनी भरत होती, याची गंमतही वाटली आणि लाजही. ज्यांना मतदान घ्यायचं प्रशिक्षण दिलं, त्यांनाच मत देता येत नाही. कुणी साक्षांकन विसरलेलं. कुणी दोघांपुढं खूण केलेली. एका मतपत्रिकेवर तर फुलीच्या खाली सुरेख, वळणदार सही होती. आमच्याच खात्यातलं कुणीतरी असणार. हजेरी, पोषण आहार, गुणपत्रक, कुठलाही कागद सही केल्याशिवाय हातातून न सोडायची आमची जन्माची सवय.

ही बाद मतं म्हणजे चिल्लर असं कुणाला वाटत असेल, तर २०२४ चा मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल आठवावा. रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपुढं ४८ मतांनी निवडून आले, आणि तिथं बाद ठरलेली टपाली मतं होती १११. विजयाच्या फरकापेक्षा बाद टपाली मतं जास्त असली की ती सगळी पुन्हा तपासावी लागतात, तशी तपासली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले. एवढी मतं तर एका ट्रेनिंग हॉलमधून निघतात.

आता कर्मचाऱ्यांसाठी पाकीट घरी नेण्याची ती पद्धत बंद झाली. २०२३ मध्ये नियम बदलला आणि ड्युटीवरच्या माणसानं सुविधा केंद्रावरच मतपत्रिका घ्यायची, तिथंच खूण करायची, तिथंच पेटीत टाकायची असं ठरलं. ट्रेनिंगच्या ठिकाणीच खोली असते, पेटी असते, साक्षांकन करणारा समोर बसलेला असतो. लिफाफा चुकला तर तोच सांगतो. ही सोय २००९ ला असती तर, असं मनात येतंच. सैनिकांचं वेगळं, त्यांची मतपत्रिका आता संगणकावरून जाते, ते छापून घेतात आणि टपालानं परत पाठवतात, मोजणीला लिफाफ्यावरचा क्यूआर कोड वाचतात. त्यात एक गोष्ट मला फार वर्षं खटकत होती. सैनिकाची सोबत राहणारी बायको या सोयीत बसायची, पण महिला अधिकाऱ्याचा नवरा बसायचा नाही. २०२१ च्या दुरुस्तीत ‘पत्नी’ शब्द काढून ‘जोडीदार’ अशा अर्थाचा शब्द घातला.

म्हाताऱ्यांसाठी घरून मतदानाचा नियम २०१९ च्या ऑक्टोबरातला, आणि तोही नेमका आपल्याकडचं विधानसभेचं मतदान आटोपल्यावर आलेला. तेव्हा वयाची अट ८० ची होती. झारखंडात पहिला प्रयोग झाला, मग कोरोनात बिहारला. २०२४ च्या मार्चमध्ये, लोकसभा जाहीर व्हायच्या थोडं आधी, ८० चं ८५ झालं. कागदावर हा पाचच वर्षांचा फरक, पण गावात तो घराघरांतून जातो.

कारण आमच्याकडं वय ही फार सैल वस्तू आहे. एका घरी म्हातारबांचा धाकटा भाऊ ८७ चा निघाला आणि म्हातारबा स्वतः ८१ चे. दोघंही खाटेवर बसून माझ्याकडं बघत होते. “मी याले खांद्यावर घेऊन पोयाले नेत जाओ बाई,” थोरले म्हणाले. यादी मात्र यादी. कुठल्या तरी वर्षी कुणी तरी गणना करणाऱ्यानं दारातून विचारलं असेल, ‘वय काय?’ आणि घरातल्या कुणी तरी ‘लिवा अंदाजानं’ म्हटलं असेल. लिहिणारा बहुधा शाळामास्तरच. आमच्या शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं उघडा, अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा नाहीतर १ जुलैचा सापडेल. ज्या हातांनी ती तारीख लिहिली, त्याच खात्याचे हात घेऊन मी तिथं उभी होते. धाकट्याला नमुना १२ ड, म्हणजे घरून मतदानाचा अर्ज दिला, थोरल्याला दिला नाही. थोरले मतदानाच्या दिवशी धाकट्याच्या नातवाच्या मोटारसायकलवर बसून बूथवर आले.

कोलामपोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, वेगळंच. तिथला एक तरुण, दोन्ही पाय लहानपणापासून गेलेले, जमिनीवर हात टेकवत चालतो. अपंगत्व किती टक्के हे कळायला डोळे उघडे असले तरी पुरे. पण १२ ड सोबत प्रमाणपत्राची प्रत लागते आणि त्याच्याकडं प्रमाणपत्र नव्हतं. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत अर्ज द्यायचा, एवढ्यात यवतमाळला जाऊन ते कुठून आणणार? मी त्याला म्हटलं, मतदानाच्या दिवशी बूथवर व्हीलचेअर असेल. तो हसला. पोडावरून बूथपर्यंतचा रस्ता त्यानं आणि मी दोघांनी पाहिलेला होता.

ते पाच दिवसही कसे, तर नेमके होळीचे. चंद्रपूरसाठी अधिसूचना २० मार्चला निघाली आणि २४ ला होळी. पळस पेटलेला, तांड्यांवर रात्रभर लेंगीची गाणी चाललेली, पोडावर ढोल. दिवसा कोणी घरी सापडत नव्हतं आणि सापडलं तर शुद्धीत असेलच असं नव्हतं. माझ्या यादीत ८५ च्या वरची नऊ नावं होती. तालुक्याच्या आढावा बैठकीत रोज विचारणा: किती वाटले, किती भरून आले? आकडा शून्य सांगायला जीभ वळत नाही. मी घाईत होते हे मान्य करते, कारण पुढं जे झालं ते त्या घाईतून झालं.

आबाजी अठ्ठ्याऐंशीचे. पण चालणं टणक, रोज सकाळी मारुतीच्या पारावर हजर. त्यांना घरपोच मताची काही गरज नव्हती. हे ऐच्छिक आहे, नको असेल तर नको म्हणता येतं, हे मला चांगलं माहीत होतं. मी गेले तेव्हा ते गोठ्यात होते. मी म्हटलं, “आबाजी, आता साहेबलोक घरी येऊन मत घेतात तुमचं. सही करा इथं.” त्यांना त्याचं अप्रूप वाटलं. साहेबलोक आपल्या घरी! शेणाचे हात धुऊन सही केली. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, सही झोकात. मी वाक्याचा पहिला अर्धाच भाग सांगितला होता. दुसरा असा होता: एकदा हा अर्ज मंजूर झाला की यादीत तुमच्या नावापुढं ‘पीबी’, म्हणजे पोस्टल बॅलट, लागतं, आणि मग बूथवर मत देता येत नाही.

पथक त्यांच्याकडं गेलं तेव्हा आबाजी पांढरकवड्याला लेकीकडं गेले होते. घरी निरोप ठेवला. नियमानं दुसरी फेरी करतात, तीही झाली. लेकीनं त्यांना ‘उन्हाचे कायले जाता’ म्हणून ठेवून घेतलेलं. तिसरी फेरी नसते. मतपत्रिका कोरीच परत गेली.

१९ एप्रिलला मी बूथच्या बाहेर मंडपात मतदार चिठ्ठ्यांचं टेबल मांडून बसले होते. अकराच्या सुमारास आबाजी आले. धुतलेलं धोतर, टोपी, खांद्यावर दुपट्टा. मला हात केला आणि आत गेले. मला यादी आठवली आणि पोटात खड्डा पडला. उठून आत जाणार, तोवर ते बाहेर आले होते, मागं केंद्राध्यक्ष, हातात चिन्हांकित यादी घेऊन. त्यांनी बिचाऱ्यांनी सौजन्यानंच समजावलं. नावापुढं लाल शाईत दोन अक्षरं होती, त्यापुढं त्यांचा इलाज नव्हता.

आबाजी माझ्या टेबलाशी येऊन बसले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पाणी प्यायले. मग म्हणाले, “मले एक सांग बाई. मी मत देल्लं नाही. अन् हे म्हंतेत, तुमचं मत घरून झालं. मंग माहं मत हाय कुठी?”

मी त्यांना खरं उत्तर दिलं नाही. ‘नियमच आहे आबाजी’ असं काहीतरी पुटपुटले. खरं उत्तर असं होतं की ते मत कुठंच नव्हतं. एक न वापरलेला कागद तालुक्याच्या ठिकाणी कुठल्या तरी पाकिटात, हिशेबाला बरोबर जुळत पडून होता. बीएलओच्या अहवालात माझा आकडा नऊपैकी सात असा चांगला दिसत होता, आणि त्या सातांत आबाजी होते.

त्याच उन्हाळ्यात आजींनी मला वाटेत गाठलं. “सरपंचाच्या टायमालेबी येसान ना वं, डबडं घेऊन?” डबडं म्हणजे तो पुठ्ठ्याचा आडोसा. मला नाही म्हणावं लागलं. लोकसभा, विधानसभा या भारत निवडणूक आयोगाच्या; हे १२ ड वगैरे त्यांच्या १९६१ च्या नियमांतलं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी, नगरपरिषद यांचा राज्य निवडणूक आयोग वेगळा, कायदे वेगळे. मतदार यादी विधानसभेचीच घेतात, पण हा अर्ज तिथं चालत नाही. तिथं म्हाताऱ्या माणसानं बूथवर यायचं, दिसत नसेल, हात चालत नसेल, तर सोबती आणायचा.

आजींना याची फिकीर नव्हती. “थ्यावेळी तं नेतेतच,” त्या म्हणाल्या. खरं आहे. ग्रामपंचायतीला वॉर्डात मतं किती, तर काहीशे. फरक चार-पाचाचा, कधी बरोबरी होऊन चिठ्ठी टाकायची वेळ. त्यामुळं त्या दिवशी आजींना ऑटो असतो, बाजेवरून उचलणारे चौघं असतात, वर बर्फाचं पाणी असतं. दोन्ही पॅनलची माणसं सकाळी सातलाच दारात. कोण कोणाला घेऊन आलं हे पाहिलं की मत कुठं गेलं तेही पारावर कळतं. लोकसभेला आजींच्या एका मतासाठी कुणी दारात येत नाही, म्हणून सरकारला यावं लागतं, आणि तेव्हाच त्या सुनेला बाहेर पाठवू शकतात. माझ्या मते हे घरपोच मत जास्त गरजेचं आहे ते ग्रामपंचायतीलाच. पण मला कोण विचारतं.

नोव्हेंबरात विधानसभा आली. मतदान २० तारखेला, आणि उसाचा गाळप हंगाम सुरू झाला त्याच सुमारास. पुसद, महागाव, उमरखेडकडच्या तांड्यांवरून टोळ्या निघून गेलेल्या. माझा एक जुना विद्यार्थी, पुसदकडचा, आता कोयता घेऊन बायकापोरांसह पश्चिम महाराष्ट्रात. त्याचा फडावरून फोन आला. मागून ट्रॅक्टरचा आवाज.

“मॅडम, तो घरपोच मताचा फारम आमाले नाही भेटत काय? कोपीवरच येऊन घ्या म्हनाव.”

मी त्याला यादी सांगितली. सैनिक. निवडणूक ड्युटीवरचे. पंच्याऐंशीच्या वरचे, दिव्यांग. अत्यावश्यक सेवेतले, ज्यांची खाती आयोगानं ठरवून दिली आहेत ते. आणि प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध केलेले.

“म्हंजे आत टाकलेले?”

“शिक्षा झालेले नाही रे. सावधगिरी म्हणून धरून ठेवलेले.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मंग मले धरून ठेवा म्हना ना सावधगिरी म्हनून. मुकादम तं ठेवतेच.”

दोघंही हसलो. हसण्यासारखं त्यात किती होतं कोण जाणे. २०२३ च्या जानेवारीत आयोगानं दिल्लीत पक्षांपुढं एक दूरस्थ मतदान यंत्र मांडलं होतं, एकाच यंत्रात ७२ मतदारसंघ, बाहेरगावी गेलेल्यांनी तिथूनच मत द्यावं म्हणून. पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथंच राहिलं. शंका खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. एका आर्णी मतदारसंघाच्या यादीत एक नाव शोधताना काय होतं ते मला ठाऊक आहे. पण फडावरच्या माणसाला गावी यायचं तर दोन दिवसांची मजुरी, जाण्या-येण्याचं भाडं आणि मुकादमाची परवानगी, एवढं मोजावं लागतं. कुठल्याच नमुन्यात त्याला रकाना नाही.

विधानसभेच्या या खेपेला मी १२ ड घेऊन आबाजींकडं गेले तेव्हा आधी दुसरा अर्धा भाग सांगितला. पीबी म्हणजे काय, ते लागलं की काय होतं, पथक किती वेळा येतं, तुम्ही लेकीकडं गेलात तर काय. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग फॉर्मवर बोट ठेवून म्हणाले, “नको लिव.” मी ‘इच्छुक नाही’ असं लिहून त्यांची सही घेतली. तशीच झोकदार. बैठकीत माझा आकडा खाली आला.

२० तारखेला दुपारचे चार वाजले तरी आबाजी दिसले नाहीत. कापसाची वेचणी भरात, सगळं गाव वावरात. मतदान सहापर्यंत. मी दर पाच मिनिटांनी रस्त्याकडं पाहत होते. पावणेपाचला नातवाची बैलगाडी आली, कापसाच्या गाठोड्यांवर आबाजी बसलेले. उतरले, टोपीला चिकटलेला कापूस झटकला, आणि आत जायच्या आधी माझ्या टेबलावर वाकले. माझ्यापुढं माझी कामाची यादी होती. ती त्यांनी स्वतःकडं वळवून घेतली, चष्मा वर केला, बोट ओळीवरून सरकवत आपल्या नावापाशी आणलं आणि तिथंच थांबवलं.

“पाह्य बरं,” ते म्हणाले. “माह्या नावापुढं काही लिवलं तं नाही ना?”